जावयाने बसवलेला शाफ्ट

सत्यजितच्या पोटात दुखायला लागलं ते परागने मिसरोदच्या गॅरेजात पाऊल टाकलं तेव्हापासून. त्याआधी सगळं कसं सुरळीत होतं. अपघाताच्या गाड्या यायच्या, ठोकून-रंगवून परत जायच्या, आणि संध्याकाळी वडील, मनोहरराव, अवधपुरीहून स्कूटरवर येऊन खुर्ची टाकून बसायचे. मुलाच्या कामाला ते नावं ठेवत नसत, वाखाणतही नसत. त्यांची सारी नोकरी कारखान्यात टर्बाइनं जुळवण्यात गेली होती. चालू यंत्रावर तळहात ठेवायचा आणि मनासारखं असलं तर एकच शब्द बोलायचा, ‘पास’. सत्यजितच्या वाट्याला तो शब्द चाळिशी उलटली तरी आला नव्हता. पराग म्हणजे धाकट्या बहिणीचा, रसिकाचा नवरा. नागपूरची नोकरी सुटली म्हणून भोपाळला आला, मेव्हण्याच्या गॅरेजात कामाला लागला, आणि महिना होतो न होतो तोच त्याने जुळवलेल्या इंजिनावर म्हाताऱ्याने हात ठेवून ‘पास’ म्हणून टाकलं. वर पुन्हा ‘परागराव’ आणि ‘तुम्ही’. पोटच्या पोराला मात्र ‘सत्या, पाना आण.’

त्यात यंदा धोंड्याचा महिना आला. मग काय विचारता. घरात आठवडाभर अनारशांच्या पिठाची चर्चा, रविवारी लेक-जावयाला जेवण, आणि जावयाला द्यायचा शर्ट जवाहर चौकातून आणायला कोणाला पाठवलं, तर सत्यजितला. रंग निवडताना त्याने मुद्दाम मळखाऊ निवडला. घरी आईने तो परत पाठवला आणि चांगला आणायला लावला. भर उन्हात दुसऱ्यांदा जवाहर चौक गाठताना त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

शनिवारी सकाळी जितेंद्रचा ट्रक परत आला. जितेंद्र त्या ट्रकचा ड्रायव्हर, इटारसीचा. मागे तो पुलाच्या कठड्याला डाव्या बाजूने धडकला होता. केबिन, पुढचा ॲक्सल, गिअरबॉक्सची बैठक, सगळं उतरवून दुरुस्त करून दिलेलं. मालकाची अट अशी की गाडी नव्या नवरीसारखी दिसली पाहिजे, अपघाताची नजर तिच्यावर राहायला नको. म्हणून रंगाऱ्याने वरून तर रंगवलीच, पण खाली उतरवून ठेवलेल्या एकूण एक भागावर चंदेरी फवारा मारला. ट्रकवाल्यांत हे चालतंच.

“भैया, साठ तक मक्खन है,” जितेंद्र सांगू लागला. “पैंसठ के ऊपर गई कि पूरी गाड़ी काँपती है, सीट के नीचे से. आज शाम तक इटारसी पहुँचना है मुझे. घर में काम है.”

सत्यजित आणि परागने मिळून चाकं काढली, बॅलन्स केली, पुढचे टायर मागे, मागचे पुढे करून पाहिले. थरथर होती तिथेच. दुपारी पराग रसिकाला घेऊन कुठेसा गेला आणि सत्यजितने ट्रक एकट्यानेच मंडीदीपच्या दिशेने काढला. सत्तरवर जाताच बुडाखालून कंप सुरू झाला. त्याने गाडी न्यूट्रलला टाकली. इंजिनाचा आवाज खाली बसला, पण थरथर तशीच. म्हणजे इंजिनाचा दोष नाही. चाकांबरोबर जे फिरतं त्याचा आहे. चाकं तर बघून झाली होती. उरला गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा लांबलचक शाफ्ट. आणि तो बसवला होता परागने.

गॅरेजात आल्या आल्या सत्यजित ट्रकखाली शिरला. हा शाफ्ट दोन तुकड्यांचा, एकात एक सरकणारा. दोन्हींवर एकेक बाण कोरलेला असतो, आणि बसवताना ते बाण समोरासमोर आणायचे असतात. एवढं चुकलं की गाडी हळू असेपर्यंत गप्प राहते आणि वेगात गेली की हिवताप भरल्यासारखी हुडहुडते. सत्यजितने चंदेरी रंग खरवडला. एक बाण वर होता, दुसरा पार बाजूला वळलेला. रंगाखाली खुणा दिसेनात म्हणून जावईबापूंनी सरळ अंदाजाने बसवून दिला होता.

त्याला इतका आनंद झाला की तो तिथेच पाठीवर पडून हसला. काम अर्ध्या तासाचं होतं. शाफ्ट सोडवायचा, फिरवायचा, लावायचा. अंधार पडायच्या आत जितेंद्र घरी पोचला असता. पण मग हे बाबांना कळणार कधी? सांगितलं असतं तर म्हणाले असते, होतं असं, परागराव नवीन आहेत. छे. त्यांनी स्वतः खाली वाकून बघायला हवं, आणि बघताना पराग शेजारी उभा हवा. धोंड्याच्या ताटावर बसायच्या आधी. सत्यजितने रंगाचा डबा आणला, ब्रश बुडवला आणि खरवडलेले दोन्ही बाण पुन्हा चंदेरी करून टाकले.

“मिल गया?” जितेंद्रने विचारलं.

“नहीं. कल सुबह देखते हैं.”

जितेंद्रने घरी फोन लावला, हळू आवाजात काहीतरी समजावलं आणि केबिनमध्ये चादर पसरली. सत्यजित घरी गेला आणि वडिलांना म्हणाला, “बाबा, उद्या जेवणाआधी जरा गॅरेजवर या. परागरावांनी जुळवलेल्या गाडीत काही सापडत नाहीये.” रात्री तो मनातल्या मनात मांडे खात झोपला.

सकाळी तो मनोहररावांना स्कूटरवर मागे बसवून घेऊन आला. पराग आधीच हजर होता, आईने कालच देऊन टाकलेला नवा शर्ट अंगात आणि त्या शर्टाच्या पाठीला धूळ. सत्यजितने घसा साफ केला. पहिलं वाक्य त्याने रस्ताभर घोकलं होतं. तेवढ्यात परागच बोलला.

“बाबा, चूक माझीच आहे. शाफ्ट मी लावला. रंगाखाली बाण दिसेनात, तर खरवडून पाहायचा कंटाळा केला मी. रात्री ते आठवलं अन् झोपच लागली नाही. म्हणून सकाळी येऊन खाली शिरलो.” मग त्याने सत्यजितकडे पाहिलं. “दादांना कालच सापडलं होतं. बाण खरवडलेत, अन् वरून ब्रशने रंग लावून ठेवलाय. तुमच्या नजरेस पडू नये, धोंड्याच्या दिवशी माझी शोभा होऊ नये म्हणून. मी नसतं केलं एवढं कोणासाठी.”

मनोहरराव वाकले, खाली बघून आले. मग त्यांनी सत्यजितच्या खांद्यावर हात ठेवला आणि थोपटू लागले.

“मला वाटायचं, तुझं आणि यांचं पटत नाही,” ते म्हणाले. “मी चुकलो, बाळा.”

बाळा. सत्यजितला आठवेना याआधी कधी ऐकलं होतं. ज्या हातासाठी तो इतकी वर्षं झुरला तो हात आता त्याच्या खांद्यावर होता, आणि तो आणून ठेवला होता परागने. त्याला संतापच आला. आपला खोटेपणासुद्धा या माणसाने धुऊन, इस्त्री करून, घडी घालून आपल्याला परत करावा? निदान तेवढा तरी आपला राहू द्यायचा होता.

चहाचा ग्लास घेऊन जितेंद्र जवळ आला होता. “तो भैया, कल शाम को ही पता था?” तो न रागावता म्हणाला. “कल बिटिया को देखने लोग आए थे. मैं नहीं पहुँचा, तो वो लोग लौट गए.”

खांद्यावरचा हात तिथेच होता, पण थोपटायचा थांबला. मनोहरराव पुन्हा ट्रककडे बघू लागले. जन्मभर यंत्रांचे दोष काढण्यात गेलेलं ते डोकं कामाला लागलं होतं.

“सत्या,” ते म्हणाले, “यांना वाचवायचं होतं, तर शाफ्ट फिरवून बसवून टाकायचा. कोणाला पत्ता लागला नसता, हाही घरी गेला असता. रंग कशाला लावलास?”

रस्त्यावरून गाड्या जात होत्या. परागने सत्यजितच्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्याच्या डोळ्यांत सत्यजितला स्पष्ट दिसलं की त्याला आत्ता, या क्षणी सगळं उमगलं. तरीही तो मनोहररावांकडे वळला.

“संध्याकाळ झाली होती बाबा. वेळ मिळाला नसेल दादांना.”

आता फक्त मान हलवायची होती. दुपारचं जेवण गोडीत झालं असतं, आई वाढत राहिली असती, खांद्यावरचा हात खांद्यावर राहिला असता. आणि तोही परागच्याच मेहेरबानीने, आजही आणि यापुढे कायम.

“वेळ होता,” सत्यजित म्हणाला.