खरी जात

गवंड्याची बायको पिल्लू न्यायला आली आणि बोटाला चिंधी बांधून रिकाम्या हाती गेली. ती फाटकाबाहेर पडते न पडते तोच पोरगा म्हाताऱ्यावर उखडला.

"पाच पिल्लं शेपट्या हलवत तिच्या पायाशी आली. ही एकटी चावली! गावात बभ्रा झाला तर उरलेली कोण नेईल?"

म्हातारा त्या तांबड्या पिल्लाकडे डोळे भरून बघत होता. "आईवर गेलीय. हीच खरी."

"आबा, रानात डुक्कर राहिलंय का आता? लोकांना लेकरांशी खेळणारं कुत्रं पाहिजे. मवाळ नर शोधून आणला तो कशासाठी? हिला वाटेला लावा. तुम्हाला काय नवीन आहे!"

नवीन नव्हतंच. चाळीस वर्षं म्हाताऱ्यानं शिकारी कुत्री पैदा केली. महिन्याच्या पिल्लांपुढं पत्रा बडवायचा. अंगावर येईल ते ठेवायचं, कुशीत शिरेल ते पोत्यात घालून तळ्यात. बायको हातापाया पडायची, "एखादं राहू द्या की घरात," म्हणायची. एकदा तर दोन दिवस जेवली नाही. "लाड करायला पोरं आहेत की," म्हणून हा पोतं उचलायचा.

त्या दुपारीही त्यानं उचललं. मवाळ पिल्लं पोत्यात कुंई कुंई करून गप्प व्हायची. हिनं पोत्यातूनच त्याचा अंगठा धरला, तो सोडेना. रक्त आलं तरी म्हातारा हसला. तळ्याकाठी बराच वेळ बसला, पण हात काही पुढं होईना. शेवटी खडीच्या खाणीवर जाऊन त्यानं ती राखणदाराला देऊन टाकली आणि घरी "झालं" म्हणून सांगितलं.

वर्षभर मन आवरलं. मग एका सकाळी राहवेना, तेव्हा खाणीवर गेला.

पत्र्याच्या खोलीशेजारी, धुरळ्यात ती बांधलेली होती. रुंद छाती, लांब पाय, आईपेक्षा देखणी. डोंगर पालथा घालावा असं अंग, आणि साखळी दोन हात. तेवढ्यातच फिरून फिरून जमिनीला गोल खड्डा पडला होता. गळ्याचे केस झडून कातडं सोललं होतं. म्हाताऱ्यानं जिभेनं टकटक केलं तशी ती झेपावली, साखळीच्या हिसक्यानं आपटली, उठून पुन्हा झेपावली.

"मोकळी सोडता का कधी?"

"सोडतोय कुठला! जेवणसुद्धा मी काठीनं पुढं सारतो," राखणदार कौतुकानं म्हणाला. "मालक जाम खूश आहे. अजून दोन पाहिजेत म्हणाला, हीच जात. मिळतील का?"

कित्येक वर्षांत म्हाताऱ्याकडं असं पिल्लू कुणी मागितलं नव्हतं. घरी हिची आई धडधाकट होती, चारच दिवसांपूर्वी माजावर आली होती.

तो खड्ड्याकडं बघत राहिला. ती धापा टाकत त्याच्यावर डोळे रोखून उभी होती. त्या डोळ्यांत ओळख नव्हती.

"नाही," म्हातारा म्हणाला. "आई मेली हिची. जात संपली."

आणि खोकत खोकत तो खाणीचा उतार उतरू लागला.