चाळीस पानी वहीचा हेवा

मित्रांनो, मी एक जुनं, चावीचं स्टॉपवॉच आहे. माझा रुबाब मोडला तो एका चाळीस पानी वहीनं.

माझी उमेदीची वर्षं गेली शाळेच्या मैदानावर. माझी कळ दाबल्याशिवाय शर्यतीत कुणी पाऊल उचलत नसे. क्रीडाशिक्षक नानासाहेब निवृत्त झाले आणि त्यांनी मला त्यांच्या मुलीला, डॉक्टर उमाताईंना दिलं. उमाताईंकडं मेंदूला मार लागलेले माजी सैनिक येत. लक्ष कुठं तुटतं, आठवण कुठं सांडते, ते ताई शोधत आणि त्यावर वाट काढत. सैनिकांनी लाल-पांढऱ्या ठोकळ्यांची नक्षी जुळवायची, मी वेळ मोजायची. टेबलावर सगळ्यात मोठा मान माझा!

त्या वर्षी दुष्काळ होता. आमचं शहर वाढत वाढत चिकलठाण्याच्याही पुढं पळत होतं आणि शहरातल्याच मुकुंदवाडीत पाणी मात्र टँकरनं येत होतं. तिथूनच हवालदार कडुबा आले. सरहद्दीवर त्यांची गाडी दरीत गेली होती. जखम भरली, पण हाती घेतलेलं काम मधेच निसटायचं. सोबत बायको होती, आवडाबाई.

“सहा घरांचा एक हौद हाय, मॅडम. किल्ली ह्यांच्याकडं. मागल्या टँकरला ह्यांनी हौद धुतला अन् खालचा कॉक तसाच उघडा ठेवला. सगळं पाणी रस्त्यावर. शेजारचा सांडू म्हणतो, हवालदारानं रोडला अंघोळ घातली.”

कडुबा बुटांकडं बघत होते.

“आता एकदा चुकलं, तर किल्ली सांडूकडं अन् हे गावाला, भावाकडं. मला कंपनीत ड्युटी असती. मी कुठं कुठं पुरी पडू?”

उमाताईंनी ठोकळे मांडले, माझी कळ दाबली. “हो गया, मॅडम,” कडुबा ताठ बसून म्हणाले. बेचाळीस सेकंद! मी फुलून गेलो. नक्षी साफ चुकली होती.

तीनदा तसंच झालं. मग ताईंनी मला रुमालाखाली झाकलं. मला! चौथ्या वेळी तीन मिनिटं लागली आणि नक्षी बरोबर आली.

“हवालदारसाहेब, घड्याळ दिसलं की काम संपायच्या आधीच रिपोर्ट देता तुम्ही.”

“फौजेत उशीर चालत नाही, मॅडम.”

“हौदाला चालतो.”

झालं. माझी रवानगी खणात, डिंकाच्या बाटलीशेजारी. आणि क्रांती चौकातल्या दुकानातून आली ती वही. कडुबा तिच्यात लिहीत: ‘कॉक बंद करणे. हात लावून बघणे. मग टँकरला हो म्हणणे.’ प्रत्येक ओळीपुढं बरोबरची खूण. दर मंगळवारी मला पेन्सिलीची खरखर ऐकू यायची आणि कौतुकही तिचंच. जिला ना काटा, ना चावी, त्या गबाळीचं! मनात आलं, भिजावी ती. कडुबाही चुकावेत एकदा, म्हणजे ताई मला शोधत येतील. आलं खरं मनात. लपवत नाही.

आणि वही भिजली. वैशाखातल्या एका मंगळवारी ती टेबलावर आली तेव्हा खणाच्या फटीतून मी पाहिलं, पानं फुगली होती, अक्षरं वाहून गेली होती. मला चावी दिलेली नव्हती, नाहीतर आनंदानं टिकटिकलो असतो.

“काय झालं?” ताईंनी विचारलं.

कडुबांनी तोंड उघडलं. शब्द शोधू लागले.

“मी ड्युटीवर होते, मॅडम,” आवडाबाई मधेच म्हणाल्या. “टँकर आला, हौद भरलाय. पण ह्यांना इचारलं तर गप. सांडूनंच भरला असंल. म्हणून किल्ली काढून घेतली म्या.”

ताईंनी मला खणातून काढलं, चावी दिली आणि ठेवलं कुठं, तर आवडाबाईंच्या तळहातावर. “आता तुम्ही मोजा. काटा अर्धा फेरा करेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. हवालदारसाहेब, सांगा.”

पाच. दहा. आवडाबाईंच्या हाताला घाम फुटला. वीस. ओठ हलले, पण त्यांनी मिटले. सव्वीस.

“पाइप सुटला,” कडुबा म्हणाले. “वही भिजली. वाचता येईना. मग हात... हात गेला कॉकवर. बंद होता. परत बघितला. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. वाजू दिला. सांडू उभा होता, विचार त्याला.”

“मंग हे मला का नाय सांगितलं?”

या वेळी कुणी न सांगता त्या थांबल्या. एकोणीस सेकंद.

“तू थांबतच नव्हतीस.”

आवडाबाईंनी कनवटीची किल्ली काढली आणि कडुबांच्या खिशात घातली.

ताईंनी मला आवडाबाईंनाच देऊन टाकलं. आता मी त्यांच्याच घरी असतो, फळीच्या खिळ्याला. शेजारी नवी वही. तिला प्लॅस्टिकचा कोट शिवलाय, मला नुसता खिळा. थोडा हेवा अजून वाटतो. पण मित्रांनो, आयुष्यभर मी पळणाऱ्यांना मोजलं, थांबणाऱ्यांना मोजायला इथं शिकलो. तुमच्या घरी कुणी शब्द शोधत असेल, तर तो त्याच्या तोंडून काढून घेऊ नका. मनात अर्धा फेरा मोजा.

आणि घरात माझ्यासारखं कुणी असेल, तर त्याला रोज चावी द्या. वहीला ती लागत नाही, ठाऊक आहे मला.