मुगाच्या रंगाची मोटार

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. पण माझ्यात पेट्रोलचा थेंब आजवर कधी पडलेला नाही. मी तळहातावर मावते. खऱ्या मोटारीच्या चोविसाव्या हिश्श्याएवढे माझे अंग. लातुरातल्या एका घरी काचेच्या कपाटात माझा मुक्काम आहे. घरी येणारे पाहुणे मला पाहून थबकतात, वाकतात, म्हणतात, "वा, किती सुबक!" आणि मित्रांनो, माझी मान खाली जाते. कौतुकाने लाज का वाटावी, हेच मला तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म दूरदेशीच्या कारखान्यात झाला. तापलेले प्लास्टिक साच्यात ओतले गेले आणि मी जन्मले, तीही तुकड्या-तुकड्यांत. दरवाजे, आसने, चाके, इवलेसे स्टिअरिंग, सगळे प्लास्टिकच्या चौकटींना झाडाच्या कैऱ्यांसारखे लटकलेले. अशा सुट्या भागांच्या खोक्याला किट म्हणतात. ते सोडवायचे, घासायचे, जोडायचे, रंगवायचे, तेव्हा कुठे मोटार होते. माझे खोके कुरिअरवाल्याने औसा रोडच्या मागच्या गल्लीत माधवरावांच्या हातात दिले.

माधवराव पाटबंधारे खात्यात आरेखक होते. कालव्यांचे नि बंधाऱ्यांचे नकाशे त्यांनी हाताने काढले. त्यांची रेघ पाहून साहेब लोक विचारत, पट्टी कुठली वापरता? निवृत्तीनंतर त्यांनी मोटारींची किटे जोडायला घेतली. लातूर-नांदेडच्या हौशी मंडळींच्या गटात त्यांच्या हाताला मोठा मान होता.

त्यांनी माझे खोके उघडले, आधी आतला वास घेतला, मग चौकटी साबणाच्या पाण्यात धुतल्या. पुढच्या काचेला ग्लू लावायला त्यांनी चिमटा उचलला आणि चिमटा थरथरला. त्यांनी श्वास रोखला. चिमटा आणखी थरथरला. ग्लूचा थेंब काचेच्या मधोमध पडला आणि तिथे पांढरा डाग उमटला, कायमचा.

"भाग सदोष आलेत," ते मोठ्याने म्हणाले आणि खोके बंद करून कपाटावर टाकले.

सौदामिनीबाई, त्यांची पत्नी, दारात उभ्या होत्या. दाढी करताना गालावर उमटणारे ओरखडे, चहाचा अर्धाच भरून मागितलेला कप, हे सारे त्या बरेच दिवस पाहत होत्या. त्यांनी स्टूल घेतले, मला खाली काढले आणि टेबलावर ठेवले.

"अहो, तुम्ही सांगा, मी करते."

"तुला काय जमणार हे?"

"न जमायला काय झालं? पहिलीच्या लेकरांची बोटं धरून अक्षरं गिरवून घेतली मी आयुष्यभर."

मित्रांनो, माझ्या आयुष्यातले सर्वात सुखाचे दिवस ते. जेवणे झाली, भांडी झाली की मागच्या खोलीत दोघे शेजारी बसत. माधवराव बोट न दाखवता नुसते सांगत. "आता चौथ्या चौकटीतलं ते वाकडं घे. हां. घाई नको." सौदामिनीबाई चष्मा नाकावर ओढून ऐकत आणि त्यांची बोटे चालत. डागाळलेल्या काचेऐवजी त्यांनी मिठाईच्या डब्याच्या पारदर्शक झाकणातून नवी काच कापली. खोक्यावरच्या चित्रात मी लाल होते. त्यांनी मात्र तीन बाटल्यांतले रंग मिसळून हिरव्या मुगाचा रंग केला.

"अगं, अशा रंगाची ही गाडी कधी निघालीच नाही!" माधवराव म्हणाले.

"मग आता निघाली."

ते हसले. किती दिवसांनी हसले असतील! त्या हसण्याच्या आवाजात माझा रंग वाळला.

मी पूर्ण झाले तेव्हा माधवरावांनी माझा फोटो गटावर टाकला. उत्तरांची रीघ लागली. 'काका, हात आहे की मशीन!' 'या वयात असा ब्रश!' माधवरावांनी फोनवर एकेक अक्षर सावकाश दाबून लिहिले, 'धन्यवाद.'

सौदामिनीबाई खांद्यावरून वाचत होत्या. "माझं नाव न्हाई का टाकलं?" त्यांनी हसतच विचारले.

"टाकतो की. नाहीतरी रविवारी दुकानात सगळ्यांना समोरासमोरच सांगतो."

तो रविवार आला. बार्शी रोडला नजीरभाईंचे मोटारींच्या सीट कव्हरचे दुकान आहे. सुटीच्या दुपारी अर्धे शटर ओढून तिथे गटाची मंडळी जमतात. मला काउंटरवर, रेक्झिनच्या गुंडाळ्यांमध्ये ठेवले. चहा आला आणि नव्या, येऊ घातलेल्या किटांच्या गप्पा सुरू झाल्या. कुठली कंपनी कुठली गाडी काढणार, दारे उघडणारी असतील की बंद, चाके रबरी की प्लास्टिकची, मागच्या वेळचा बंपर तोच की नवा साचा, यावर ही मोठी माणसे लहान मुलांसारखी भांडत होती.

"परदेशी गाड्या लई झाल्या," नजीरभाई म्हणाले. "आता ऐका. पुण्यातला एक छोटा कारखाना आपल्या लाल बसचं किट काढून राहिला. आपली बस! मुखेडला, लोह्याला जाती ना, तीच. शिडीसकट, टपावरच्या कॅरिअरसकट."

दुकानात एकच गलका झाला. नांदेडहून हुमा आली होती. ही मुलगी तिकडे एका वास्तुविशारदाकडे नकाशे करते, आणि किटांच्या बाबतीत कुणाचे ऐकून घेत नाही. ती म्हणाली, "बाजारात यायच्या आधी त्यांना एक नमुना जोडून हवाय. नांदेडच्या मेळाव्यात मांडणार आहेत. कुणी जोडायचा ते आपणच ठरवायचं."

सगळ्यांच्या नजरा आधी माझ्याकडे आणि मग माधवरावांकडे वळल्या.

"ठरवायचं काय त्यात?" नजीरभाई म्हणाले. "साहेबांचा हात हाय की."

मित्रांनो, हीच ती वेळ होती. मला वाटले, आता ते सांगतील. त्यांनी दोन्ही हात खिशात घातले आणि म्हणाले, "बघू या. करू या."

तेवढ्यात शटरखालून वाकून सौदामिनीबाई आत आल्या. गंजगोलाईतून बाजार करून त्या नवऱ्याला घ्यायला आल्या होत्या. हुमाने मला अलगद उचलले आणि विचारले, "काकू, हा रंग कसला गोड आहे! तुम्ही पण बसता का काकांसोबत?"

सौदामिनीबाईंनी तोंड उघडले होते. पण माधवराव आधी बोलले.

"तिला यातलं काय कळतंय? ती ब्रश धुऊन देते, झालं!"

सगळे हसले. सौदामिनीबाईंनी एकदा नवऱ्याकडे पाहिले आणि त्याही हसल्या. हातातली पिशवी त्यांनी या हातातून त्या हातात घेतली. मी हुमाच्या तळहातावर होते. मला वाटले, माझी चारही चाके निखळून पडावीत. मला घडवणारी माझ्यासमोर उभी होती आणि मी तिची कुणीच नव्हते.

आठवड्याने बसचे खोके आले. माधवरावांनी ते मागच्या खोलीत मांडले, खुर्च्या शेजारी-शेजारी ठेवल्या आणि हाक मारली, "अगं, येतेस ना?"

सौदामिनीबाई दारापर्यंत आल्या. "ब्रश धुऊन ठेवलेत," त्या म्हणाल्या. "अजून काही धुवायचं असलं तर सांगा." आणि निघून गेल्या.

माधवराव एकटेच बसले. मी समोरून पाहत होते. बसची शिडी त्यांनी तिरपी चिकटवली, ती काढताना मोडली. खिडक्यांच्या दांड्यांवर लाल रंग ओघळला. ते पुसायला गेले तर बोटांचे ठसे उमटले. ते उठले, माझ्यापाशी आले आणि त्यांनी मला भिंतीकडे तोंड करून ठेवले. माझ्याकडे पाहणे त्यांना जमेना. त्यानंतर मी फक्त भिंत पाहिली नि आवाज ऐकले. माझ्यावर धूळ साचत गेली.

मेळाव्याच्या आधी नजीरभाई बस न्यायला आले. चहाचा कप बशीत खडखडला, तो मी ऐकला.

"साहेब," नजीरभाईंचा आवाज खाली आला, "हे कधीपासून?"

"थंडीनं होतंय."

बाहेर वैशाखाचे ऊन तापले होते. नजीरभाईंनी आपला कप टेबलावर ठेवलेला ऐकू आला. मग म्हणाले, "बस पुरी न्हाई झाली तरी चालंल. पण तुम्ही या साहेब. ती हिरवी गाडी घेऊन या."

नांदेडच्या सभागृहात टेबलांवर माझ्यासारख्या कितीतरी मोटारी होत्या. पडद्यावर येणाऱ्या किटांची चित्रे दाखवत होते, माणसे शिट्ट्या मारत होती. मग माधवरावांना बोलावले. त्यांनी मला आणि ती बिघडलेली बस टेबलावर ठेवली. मग दोन्ही हात वर उचलून सगळ्यांना दिसतील असे धरले. हात पानासारखे हलत होते.

"हे हात बघा," ते म्हणाले. "ही बस या हातांनी बिघडवली. ही हिरवी मोटार माझी न्हाई. माझ्या बायकोनं, सौदामिनीनं जोडली, तिनंच रंगवली. मी शेजारी बसून नुसतं सांगत होतो. आणि दुकानात मी तुमच्याशी खोटं बोललो."

कुणीतरी टाळी वाजवली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. माणसे पुढे आली, माधवरावांच्या पाठीवर हात ठेवू लागली. "काका, याला मोठं मन लागतं!" "मानलं तुम्हाला!" त्यांच्यासोबत फोटो निघाले. मी मध्ये होते.

मित्रांनो, मला वाटले होते की आता माझी लाज जाईल. ती वाढली. कारण त्या गर्दीतल्या कुणीही सौदामिनीबाईंबद्दल काही विचारले नाही. एकट्या हुमाने विचारले.

"काका, हे काकूंना सांगून आलात का?"

माधवराव मला खोक्यात ठेवू लागले.

दिवेलागणीला आम्ही घरी पोचलो. सौदामिनीबाई वर्तमानपत्रावर मेथी निवडत बसल्या होत्या. माधवरावांनी माझे खोके खाली ठेवले आणि उभ्यानेच म्हणाले, "सांगितलं मी. सगळ्यांसमोर. तुझं नाव घेऊन."

"बरं झालं."

"लोकांनी लई टाळ्या वाजवल्या."

"कुणासाठी?"

"अं?"

"टाळ्या हो. कुणासाठी वाजवल्या?"

माधवरावांनी दोन्ही हात खिशात घातले. मग अगदी हळू म्हणाले, "माझ्यासाठी."

सौदामिनीबाईंनी जुडीची दोरी सोडली. त्यांचा आवाज चढला नाही. "त्या दिवशी दुकानात मी हसले, ती तुमची अब्रू राखायला. तुमचा हात थरथरतो हे मला तुमच्याआधी ठाऊक होतं. मला त्याची कधी लाज वाटली न्हाई. तुम्हाला मात्र माझी वाटली."

माधवराव समोर फरशीवर बसले. गुडघ्यांवर ठेवलेले हात हलत होते. "चुकलं माझं," ते म्हणाले. "तिथं नव्हतं सांगायचं आधी. इथं सांगायचं होतं."

"हाव," सौदामिनीबाई म्हणाल्या आणि मेथी निवडत राहिल्या.

त्यांनी लगेच माफ केले असे मी म्हणणार नाही, कारण तसे झाले नाही. बसचे खोके तसेच पडून राहिले. माधवरावांनी एके सकाळी मला भिंतीकडून वळवले, ओल्या फडक्याने पुसले आणि कपाटात समोर ठेवले. आता कुणी मला वाखाणले की ते नाव सांगतात. पण त्यांच्या आवाजात एक खरखर असते. ती ऐकली की मला तो काउंटर आठवतो आणि पुन्हा शरमल्यासारखे होते.

पावसाळा सरल्यावर हुमा आली. ती सरळ स्वयंपाकघरात गेली. "काकू, बस मी पुरी करणार आहे. पण दांड्यांचा रंग ओघळलाय, तो मला काढता येत न्हाई. दाखवाल का?"

सौदामिनीबाईंनी हात पुसले. हो म्हटले नाही, नाही म्हटले नाही. मग म्हणाल्या, "चष्मा आणते."

दोघी मागच्या खोलीत बसल्या. कपाट समोरच असल्यामुळे मला सारे दिसत होते. थोड्या वेळाने माधवराव चहाचा ट्रे घेऊन आले. पूर्वी पाहुण्यांसमोर ते कधी कप उचलत नसत. चहा हिंदकळला, ट्रेभर सांडला, बाहीवर आला. हुमाने पटकन नजर बाजूला केली. माधवरावांनी हात लपवले नाहीत.

"काका," हुमा म्हणाली, "हे बाजूचे आरसे रंगाच्या आधी लावायचे का नंतर?"

माधवरावांना ते ठाऊक होते. बसचा कण न् कण त्यांना पाठ होता. उत्तर त्यांच्या ओठांवर आलेले मी पाहिले.

"तिला विचार," ते म्हणाले.

सौदामिनीबाईंनी मान वर केली नाही. "नंतर," त्या हुमाला म्हणाल्या. मग टेबलाखालून पायाने शेजारची रिकामी खुर्ची त्यांनी थोडीशी मागे सरकवली.

मित्रांनो, माझी धूळ पुसा, मला उन्हात ठेवू नका, असे मी तुमच्याजवळ मागणार नाही. प्लास्टिकला फारसे काही लागत नाही. माझे एवढेच मागणे आहे, की तुमच्या हातातल्या एखाद्या गोष्टीचे कुणी कौतुक केले आणि त्यात दुसऱ्या कुणाचे हात असले, तर धन्यवाद म्हणण्याआधी त्या माणसाचे नाव घ्या. तेव्हाच घ्या, ते माणूस शेजारी उभे असताना. तो क्षण हुकला तर पुढे भरल्या सभेत कितीही मोठ्याने घेतलेले नाव त्या माणसापर्यंत पोचायला फार उशीर लागतो.