आधी डिस्क, मग नाटक

थोरली लेक दंतवैद्यांसाठी कवळ्या बनवायची. बारीक कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. वडिलांसाठी घरातच छोटा सर्व्हर उभा करण्याचं कामही तिने असंच चिकाटीने शिकून घेतलं होतं. वडिलांनी पाणीपुरवठ्याच्या पंपघरात एकतीस वर्षं काढली होती. आता डोळ्यांनी दगा दिला आणि वाचन सुटलं, म्हणून तिने त्यांच्या जुन्या कॅसेटींवरची दोनशे रेडिओनाटकं एकेक करून डिस्कवर उतरवली आणि मोठ्या बटणांचा रिमोट त्यांच्या हातात दिला. चहा झाला की वडील नाटक लावायचे, ते जेवणाची ताटं मांडेपर्यंत चालायचं.

मग रस्त्यावर विजेच्या तारा बदलायचं काम निघालं आणि वीज येऊ-जाऊ लागली. आठवडाभरात थोरलीच्या ध्यानात आलं की घर गप्प झालंय. वडिलांना विचारलं, तर म्हणाले, कंटाळा आला. नाटकांना कंटाळणारा हा माणूस नव्हे. तिने पिच्छाच पुरवला, तेव्हा कुठे त्यांनी रिमोट तिच्याकडे सरकवला.

“सगळी यादी गेली, पोरी. माझ्याच हातून काहीतरी दाबलं गेलं असणार. तू वर्षभर खपलीस आणि मी एका बोटाने धुऊन टाकलं.”

आठ दिवस हा माणूस एकटाच मनात कुढत बसला होता. तिने लगेच मशीन उघडून पाहिलं. नाटकं जागच्या जागी होती, एकही गेलं नव्हतं. सर्व्हरवर प्रत्येक प्रोग्राम आपापल्या कंटेनरमध्ये, म्हणजे एका बंद डब्यात, चालायचा. वीज आली की सगळे कंटेनर एकदमच उठायचे. नाटकं लावणारा दहा सेकंदांत तयार, तर म्हातारी डिस्क मिनिटभर आळोखेपिळोखे देणार. तोवर समोर रिकामं फोल्डर दिसलं की तो गडी समजायचा, सगळं संपलं, आणि यादी पुसून मोकळा व्हायचा.

वडिलांना हे सांगितल्यावर त्यांच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं दिसलं. तिने यादी पुन्हा भरून घेतली, कंटेनरला दोन मिनिटं थांबायला सांगितलं आणि काम फत्ते झालं असं समजून ती कामावर गेली. तिसऱ्याच दिवशी पुन्हा वीज गेली. या खेपेला डिस्क स्वतःची तपासणी करत चार मिनिटं बसली आणि पुन्हा यादी रिकामी.

ती वैतागून म्हणाली की आता पाच मिनिटं ठेवते.

“पंप घड्याळ बघून चालू करायचा नसतो,” वडील म्हणाले. “टाकीत पाणी किती आहे ते बघायचं. पाणी नसताना चालवलास तर जळतो.”

“पण त्याला पाणी दिसणार कसं, बाबा?”

“आम्ही तरी टाकीत कुठे डोकावायचो? तरंगता गोळा होता. तो वर आला नाही, तर पंपाला वीजच मिळायची नाही.”

थोरली पुन्हा खुर्चीत बसली. तिने डिस्कवर एक बारकीशी खुणेची फाइल ठेवली; डिस्क पूर्ण जागी झाली तरच ती दिसणार. ती दिसेपर्यंत नाटकांचा कंटेनर उठायचाच नाही, मग मिनिट लागो नाहीतर तास. रविवारी सकाळी तिने प्लग वडिलांनाच काढायला लावला. त्यांनी भिंत चाचपत तो काढला, थांबले, पुन्हा लावला. डिस्क घरघरली. दोघंही कान देऊन बसले. साडेतीन मिनिटांनी यादी आली, पूर्ण दोनशे.

महिन्याभराने एका सकाळी यादी आलीच नाही. थोरलीने बघितलं तर डिस्कची केबल सैल झालेली, आणि खूण न दिसल्याने कंटेनर मुकाट बंद बसलेला. यादीला धक्काही लागला नव्हता. तिने केबल घट्ट बसवली.

“बंद राहिला तेच बरं झालं,” वडील म्हणाले. मग त्यांनी तिला जाड पेन आणि पुठ्ठा आणायला सांगितलं. पंपघरात असा फलक असायचाच, म्हणाले, नव्या माणसाचं अडायला नको. ते सांगत गेले आणि ती ठळक अक्षरांत लिहीत गेली: आधी केबल बघा, मग डिस्कचा आवाज ऐका, मग वाट बघा. सांगताना त्यांचा आवाज चांगलाच खणखणीत लागला होता. तिसऱ्या ओळीला त्यांनी तिला थांबवलं आणि शुद्धलेखन बरोबर आहे ना, असं विचारलं.