चिकटवलेली दोन पानं

दादाने आमचं लहानपणीचं गोष्टींचं पुस्तक माझ्या बाइंडिंगच्या टेबलावर ठेवलं, तेव्हाच मला संशय आला. यातलंच एक चित्र दाखवून त्याने मला जन्माची घाबरट करून ठेवलं होतं. खाटेखाली दडलेली म्हातारी लांब नखांच्या हाताने एका मुलीचा पाय धरते, असं ते चित्र. साठी उलटली तरी झोपताना मी पाय पलंगाबाहेर जाऊ देत नाही.

"नातवासाठी नीट बांधून दे," दादा म्हणाला. "फक्त ती चिकटलेली दोन पानं तशीच राहू देत."

तीस वर्षं तुरुंगात जमादारी केलेला माणूस इतकं गोड बोलतो, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय.

"चिकटवली कोणी?"

"तूच असशील, भित्री भागूबाई!"

मी? मी तर त्या पुस्तकाला हातही लावत नसे!

मी ओलं फडकं ठेवून वरून इस्त्री फिरवली आणि पानं सोडवली. म्हातारी होती तश्शी होती. मुद्दाम ते चित्र मी दादासमोर धरलं.

दादा मोठ्याने हसला. हसता हसताच त्याने दोन्ही पाय उचलून खुर्चीवर घेतले.