दुसरा हात बाकी आहे

मी गिरीज गावातल्या पांडुरंगांच्या वाडीतला ट्रॅक्टर बोलतोय. दचकू नका. इंजिन चालू असताना मी जेवढा आवाज करतो, त्या मानाने ही कुजबुज आहे.

चौऱ्याहत्तर साली इथे आलो तेव्हा मी लालबुंद होतो. पांडुरंगांच्या बायकोने, मथुराबाईंनी, मला ओवाळलं आणि नारळाचं पाणी थेट माझ्या हेडलाइटवर उडवलं. मग वीस वर्षं नांगरट केली, ट्रॉलीतून केळीचे घड ओढले. पुढे इंजिन बसलं आणि मला चिकूखाली उभं केलं गेलं. शेजारच्या रेजिनाबाईंच्या कोंबड्या माझ्या सीटवर अंडी घालायला लागल्या. निदान त्यांना तरी माझी किंमत कळली.

अठ्ठ्याण्णव साली पांडुरंग हात धुऊन माझ्या मागे लागले. सहा महिने खपून त्यांनी इंजिन चालू केलं. पण अंधेरीला नोकरी करणारा त्यांचा मुलगा धवल दसऱ्याला नवी गाडी आणणार होता.

"बाबा, माझ्या गाडीच्या बाजूला हे गंजकं ध्यान नको," तो म्हणाला. "दसऱ्यापर्यंत बघण्यासारखं झालं तर ठेवा. नाहीतर आदल्या दिवशी भंगारवाला येईल. मी सांगून ठेवलंय."

ऐकून माझ्या टायरमधली हवाच गेली. एका टायरमधली तर खरोखरच गेली.

सातिवलीच्या गॅरेजमधला रंगारी सेबॅस्टियन कॉम्प्रेसर आणि स्प्रे गन घेऊन आला. "वीतभर लांबून मारा, भाऊ. हात चालता ठेवा. रंगाचा पहिला हात पातळ. तो सुकला की दुसरा."

"तू मला फवारणी शिकवणार?" पांडुरंग हसले. "तीस वर्षं वांग्यांवर औषध मारतोय मी!"

तिथेच घात झाला. गंज घासला, प्रायमर मारला, टायरांना पेपर गुंडाळले, नाकातोंडाला मास्क लावला, इथवर उत्तम. मग त्यांनी मला वांगं समजून रंगवलं. पान ठिबकेपर्यंत मारायचं ही त्यांची जन्माची सवय. बॉनेटवरून रंगाचे ओघळ वाहू लागले. वाऱ्याचाही अंदाज चुकला आणि रेजिनाबाईंची पांढरी कोंबडी गुलाबी झाली.

"अहो, ट्रॅक्टरला कीड नाही लागलेली," मथुराबाई म्हणाल्या.

पांडुरंग पायरीवर बसले. त्यांचे डोळे भरले होते. भंगारवाला यायला दोनच दिवस उरले होते. मला त्यांची फार दया आली, आणि स्वतःची त्याहून जास्त.

दुसऱ्या दिवशी नवराबायकोने मिळून ते ओघळ पॉलिश पेपरने घासून काढले. मग पांडुरंगांनी खरंच वीत मोजली आणि बॉनेटवर पातळ हात मारला. एकही थेंब ओघळला नाही.

दसऱ्याच्या आदल्या सकाळी त्यांनी मडगार्ड रंगवायला घेतले. धवल चहाचा कप घेऊन बघायला आला. ओला रंग दिसला की माणसाला हात लावल्याशिवाय राहवत नाही. याने तर अख्खा पंजा लावला.

"अरे गाढवा!" पांडुरंग ओरडले. थिनरने ते मडगार्ड पुसून त्यांनी गन त्याच्या हातात कोंबली. "आता तूच मार!"

धवलने नाइलाजाने एक पट्टा मारला. मान तिरकी करून बघितलं. आणखी एक मारला. लहानपणी माझ्या स्टिअरिंगवर बसला की तो जीभ बाहेर काढायचा, आताही तशीच काढली होती.

"बाबा, तुम्ही सरका जरा. तुमचा हात मध्येच थांबतो."

अकराच्या सुमाराला फाटकाशी टेम्पो थांबला. "धवलभाई, कौनसा ट्रॅक्टर ले जाना है?" भंगारवाल्याने विचारलं. पांडुरंग माझ्या बॉनेटसमोर जाऊन उभे राहिले.

धवलने मागे वळूनही पाहिलं नाही. "ए, टेम्पो तिकडेच ठेव! धूळ बसेल!" तो खेकसला. "और आज नहीं होगा. दुसरा हात बाकी आहे अजून."

या गोष्टीला आठ वर्षं झाली. दुसरा हात त्याच संध्याकाळी झाला. धवलने तेव्हापासून दोन गाड्या बदलल्या, मी आहे तिथेच आहे. भंगारवाला चिवट, दर दसऱ्याच्या आधी चौकशीला येतो. धवल त्याला चहा पाजतो आणि दरवर्षी तेच सांगतो, दुसरा हात बाकी आहे.

तेव्हा कधी वाडीत आलात तर मला जरूर बघा, कौतुकही करा. पण कृपा करून बोट लावू नका. आणि भंगारवाला भेटलाच, तर रंग अजून ओला आहे असं सांगा.