बॅटरी मागे नेली तेव्हा

दोन वर्षांनी धनीरामने जीपचे बोनेट उघडले आणि त्याची बायको शकुन हातातले सूप ठेवून अंगणात आली.

आषाढ सरत आला होता. तलावात मासोळीचे बीज सोडायचे दिवस. बीज म्हणजे बोटाएवढी पिल्ले. टाकीत भरून लांबून आणायची तर वाटभर पाण्याला हवा द्यावी लागते, नाहीतर निम्म्या रस्त्यातच पोटे वर करतात. त्यासाठी इंजिनच्या पट्ट्यावर चालणारा पंप बसवायचा, आणि पंपाला बोनेटखाली जागा होती ती एकच, बॅटरीची. म्हणून बॅटरी तिथून काढून मागच्या बाकाखाली न्यायची. हेच काम धनीरामने दोन वर्षांपूर्वी केले होते. दुसऱ्याच दिवशी सकाळी बॅटरी फुटली, तेजाब उडाले, आणि पोटच्या एकुलत्या एका पोराचे, धनराजचे, दोन्ही डोळे गेले.

त्यानंतर बॅटरी पुन्हा पुढे आली, पंप कोठ्यात गेला. कोंढा गावच्या ढिवर मोहल्ल्यातला, मासेमारांच्या वस्तीतला, हा हुशार हाताचा माणूस दुसऱ्यांच्या नावेवर मजुरीने जाऊ लागला. यंदा मच्छीमार संस्थेच्या लोकांनी फारच गळ घातली, तेव्हा कुठे त्याने पाना हातात धरला.

धनराज ओसरीवर जाळ्याची गाठ मारत बसला होता. गाठी आता त्याची बोटेच मारायची. बाजूला भरलेली पिशवी होती. त्याच दुपारी तो नागपूरला निघायचा होता. डोळ्यांनी न दिसणाऱ्यांना फोनवर बोलायच्या नोकरीचे शिक्षण देणारी एक संस्था होती, तिथे वर्षभर राहायचे होते.

शेजारचे सोमाजी फाटकातून आत डोकावले. "काय धनीराम, म्हातारीचं ऑपरेशन करून राहिला का? टाके नीट घाल बाप्पा."

धनीराम नुसता हसला. बोलला ओसरीवरून धनराज. "सोमाजीकाका, तीन वाजता येजा. मले फाट्यावर सोडून द्या."

"अरे, दारात बापाची चार चाकं उभी, अन् तुले माह्या फटफटीवर कमर मोडून घ्याची हौस?"

"त्या गाडीत मी बसत नाही."

सोमाजींचे हसू तोंडातच राहिले. "येतो मंग तीन वाजता," म्हणाले आणि गेले.

बापलेकांत दोन वर्षे अबोला होता. भांडण असे कधी झालेच नाही. दवाखान्यात डोळ्यांवर पट्ट्या असताना धनराज एवढेच म्हणाला होता, "मी चार्जरचं बटन बंद करूनच बॅटरीचा चिमटा काढला. माहा हात चुकला नाही. ठिणगी बाबाच्या वायरीतून आली." त्यावर धनीराम म्हणाला, "हो बेटा, माहंच काही चुकलं असंल." त्या दिवशी एवढे बोलून दोघे थांबले, ते अजून थांबलेले होते.

पोराचा हात चुकला नव्हता. बापाची वायरही चुकली नव्हती. हे जगात एकट्या शकुनला ठाऊक होते.

शकुनचा नेम लग्नापासूनचा. पहाटे अंघोळ, तुळशीला पाणी, दिवा, आणि त्याच दिव्याने दारातल्या जीपला ओवाळणे. ज्याच्यावर घर जेवते त्याला ओवाळल्याशिवाय तिने कधी पाणी घोटले नाही. बोनेटवर हळदीकुंकवाची दोन बोटे, एक फूल, झाले. स्फोटाच्या आदल्या संध्याकाळी बॅटरी मागे नेऊन झाल्यावर धनीराम खुशीत होता. हात पुसत म्हणाला होता, "शकुन, गाडीचा जीव आता मागं गेला पाय. इथं पुढं नुसतं कातडं रायलं."

गंमतच केली होती त्याने. पण सकाळी बोनेटला कुंकू लावताना ते बोलणे तिच्या मनात आले. जीव मागे गेला, मग पुढे ओवाळून काय उपयोग? ती दिवा घेऊन मागच्या फळीकडे गेली. बॅटरी रात्रभर चार्जरवर होती, वरची बुचे उघडी होती, आत पाणी उकळल्यासारखे बुडबुडत होते. पलीकडच्या दाराने धनराज आत वाकून चिमटा काढत होता; खाली मान, मागे कोण आले ते त्याला दिसले नाही. तिने हात लांबवला. एक फेरा पुरा झाला नाही.

आवाज तिच्या कानात अजून होता. पुढचे तिला तुकड्यातुकड्यांनी आठवायचे. धनराजची किंकाळी, धनीरामचे धावणे, बादल्या, विझलेला दिवा पदराआड. बोनेटवरचे ओले कुंकू सगळ्यांनी पाहिले. शकुनबाई रोजच्यासारखी ओवाळून घरात गेली असेल, असे ज्याने त्याने धरून चालले. तिला कोणी विचारले नाही, तिने सांगितले नाही. पहिल्या दिवशी तोंडून शब्द फुटला नाही, दुसऱ्या दिवशी पोराचा हात तिच्या हातात होता, तो सोडवेना. असे दिवस गेले.

मग तिने उपासांवर उपास धरले. सोमवार, गुरुवार, एकादशी, चातुर्मासात एकभुक्त. बाया म्हणायच्या, पोराच्या डोळ्यांसाठी करून राहिली बिचारी. देवापुढे ती रोज सगळे बोलायची. देव ऐकून घेतो, पण ज्याला सांगायचे त्याला देव सांगत नाही.

"शकुन, दहाचा पाना दे."

तिने दिला. धनीरामने आधी बॅटरीची उणे बाजूची तार सोडवली, मग अधिकची. "आधी हे काढाची. लावताना हे शेवटी," तो पुटपुटला. तिला सांगत होता की स्वतःला, कोण जाणे. मागच्या बाकाखाली त्याने जाड प्लास्टिकचा डबा बोल्टांनी घट्ट बसवला, बॅटरी त्यात ठेवून वरून लोखंडी पट्टी आवळली, दोन्ही हातांनी हलवून पाहिली. इंजिन आणि बाकांमधल्या पत्र्याला भोक होते, तिथे तारेला पत्रा कापू नये म्हणून रबराची चकती घातली. तार ओढली. बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज लावला. वायू बाहेर जावा म्हणून डब्यातून एक नळी खालच्या पत्र्यातून जमिनीकडे काढली. नळीला तोंड लावून फुंकले, खाली हात धरून वारा लागतो का पाहिले. पुन्हा फुंकले. चौथ्यांदा फुंकले तेव्हा शकुनला पाहवेना.

"झालं ना जी. किती वेळा पायता?"

धनीराम टाचांवर बसला. सदऱ्याच्या खिशातून त्याने गुंडाळलेला वायरीचा तुकडा काढला. तो त्याच्या खिशात असतो, हे इतक्या वर्षांच्या बायकोला माहीत नव्हते.

"हे त्या वक्ताची वायर. मी सोलून पायली, वाकवून पायली. कुठं जळाली नाही, कुठं कापली नाही. फ्यूज बी होता, नळी बी होती. दोन वर्षं झाले, मले समजूनच नाही रायलं काय चुकलं ते." आवाज अगदी हळू होता, ओसरीवर जाऊ नये इतका. "म्हणून आज बी भेव वाटते. जे चुकलं तेच माहीत नाही, तं टाळू कसं?"

शकुन त्याच्या हातांकडे बघत राहिली. नाव वल्हवणारे, इंजिन खोलणारे हात. ते वायर पुन्हापुन्हा सरळ करत होते.

"तुमचं काही चुकलं नाही," ती म्हणाली.

"मंग काय त्याचं चुकलं? तसं म्हणू नोको. पोर आहे ते."

"त्याचं बी नाही."

ती उठली. ओसरीपर्यंतची दहा पावले तिला तलावाच्या गाळातून चालल्यासारखी वाटली. धनराजच्या समोर ती खाली बसली आणि धनीरामलाही ऐकू जाईल अशा आवाजात बोलली. आयुष्यात ती मोठ्याने कधी बोलली नव्हती.

"धनराज, दिवा माहा होता. बॅटरी मागं नेली म्हणून मी मागं ओवाळाले आली. तू वाकलेला होतास. बुचं उघडी होती. मले का मालूम त्यातून जळणारा वायू निघते म्हणून. माह्या दिव्यानं झालं. बाबाची वायर बरोबर होती."

जाळ्याची सुई त्याच्या बोटांत थांबली.

"कोणता दिवा?"

"पितळेचा. रोजचा."

"अन् दवाखान्यात मी बाबाचं नाव घेतलं, तवा तू कुठं होतीस?"

"तुह्या उशाशी."

"माहा हात धरून."

"हो."

धनराजने सुई जाळ्यात खोचली, जाळे बाजूला सारले. तिला वाटले आता ओरडेल. ओरडला असता तर बरे झाले असते.

"डोळे गेले त्याचं मी तुले काही म्हणत नाही, माय. तुले का मालूम होतं. पण दोन वर्षं. मी बाबाच्या हातचं पाणी नाही घेतलं. तू रोज पायत होतीस."

धनीराम तिथेच, जीपच्या चाकाला टेकून बसला होता. शकुनने त्याच्याकडे पाहिले. तो रडत होता, आणि रडता रडता त्याच्या चेहऱ्यावरची दोन वर्षांची घडी सुटत होती. माझे चुकले नाही, एवढेच त्या चेहऱ्यावर होते. त्यात तिच्यासाठी राग नव्हता, आणि दुसरेही काही नव्हते. तिला तो दोष देता, तर ती त्याला धरून रडली असती.

धनराज काठी चाचपत उठला. अंगणात उतरला, जीपचा पत्रा हाताला लागेपर्यंत चालला.

"बाबा."

"हो रे."

"उणे शेवटी लावाची ना? लावली?"

"नाही अजून. लावतो." धनीरामने डोळे बाहीला पुसले. मग म्हणाला, "तूच लाव. दे हात इकडं."

त्याने पोराचा हात धरून डब्यात नेला. नट फिरवताना दोघांची डोकी एकमेकांना लागली. बुचे घट्ट आहेत का हे धनराजने बोटांनी तपासले, झाकण लावले. पंप बसला, इंजिन सुरू झाले, टाकीत पाणी खदखदले. तीन वाजता सोमाजी फटफटी घेऊन आले. धनराज पुढच्या सीटवर बापाशेजारी बसलेला पाहून त्यांनी नुसते कपाळावर हात मारले. "आधीच सांगाचं होतं लेका, पेट्रोल वाचलं असतं माहं."

शकुन घरातून दहीसाखर घेऊन आली. लांबच्या प्रवासाला निघताना दही भरवायची रीत. चमचा घरातच राहिला होता, म्हणून तिने आपल्याच तळहातावर घेतले होते. जीपच्या दाराशी उभी राहून ती म्हणाली, "घे बेटा. तोंड उघड."

धनराजने आवाजाकडे तोंड वळवले. त्याच्या डोळ्यांच्या जागी पांढरट कातडी होती, तिथून तिला काहीच वाचता येईना.

"आता नोको, माय."

"रीत आहे रे."

"मले मालूम आहे. आता नोको. पुढं कधी."

धनीरामने एकदा तिच्याकडे पाहिले आणि गिअर टाकला. जीप फाटकातून बाहेर पडली. रस्त्यावरून इंजिनचा आवाज येत राहिला आणि त्यावरून धनराजचा आवाज, पूर्वीसारखा, चिडका आणि मायेचा, "बाबा, इंजिन रडून राहिलं, दुसरा टाका ना." धनीरामचे हसणेही तिला ऐकू आले. दोन वर्षे या हसण्यासाठी ती उपाशी राहिली होती.

सोमाजी म्हणाले, "चाल व शकुन, आत जाय. ऊन आहे."

"हो," ती म्हणाली. पण उभीच राहिली. दही बोटांमधून मनगटावर उतरत होते, आणि हात मिटावा की धुवावा हे तिला कळत नव्हते.